विरार ते बोर्डी : आईबरोबरचा एक दिवस

अवसरी बुद्रुकला रेल्वे नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाची चर्चा आम्ही कित्येक वर्षे ऐकत आहोत. पण आजही आगगाडी पाहायची तर पुण्याला जावे लागते, नाहीतर माळशेज घाट उतरून कल्याण गाठावे लागते. तरीसुद्धा आमच्या पंचक्रोशीतल्या पुष्कळ घरांत रेल्वे आहे. मुंबईचे डबेवाले मुख्यतः आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या भागांतले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या त्या कामात आमच्याकडच्या पिढ्या खपल्या. माझे वडीलही त्यांतलेच. पार्ल्याहून चर्चगेटपर्यंत डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन त्यांनी तीस-बत्तीस वर्षे लोकलने ये-जा केली. चैत्रात गावच्या जत्रेला डबेवाले सुट्टी घेऊन येतात, तसे तेही येत आणि आठवड्याने परत जात. आई गावीच राहिली. शेत, दोन म्हशी आणि आम्ही तिघे भावंडे तिच्या पदरात होतो.

जत्रेच्या त्या आठवड्यात वडील आईला एक गोष्ट हमखास सांगत, “एकदा तुला सगळी लाइन दाखवतो. विरारच्या पुढं समुद्र लय चांगला हाये.” ते राहून गेले. वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली.

वाचकहो, हा घरगुती मजकूर आरंभीच सांगण्याचे कारण असे की पुढचा प्रवास केवळ हवापालटासाठी नव्हता. तो करावा की करू नये, या प्रश्नावर आमच्या घरात दोन महिने वाद चालला होता, आणि त्या वादात विरोधी पक्षाचा पुढारी मीच होतो.

आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. पंधरा वर्षांचा मधुमेह, त्याहून जुना रक्तदाब, दोन्ही गुडघे झिजलेले. अडीच वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. चार महिन्यांत ती वॉकर घेऊन चालू लागली. तेथून पुढे जे घडले ते माझ्यामुळे घडले. ओट्याखाली उतरू नको, देवळापर्यंत जाऊ नको, अंगणात चिखल आहे, गुरे अंगावर येतील, संध्याकाळी बिबट्याचे भय आहे. प्रत्येक नकाराला कारण होते आणि प्रत्येक कारण खरे होते. वर्षभरात तिचे जग पलंगापासून न्हाणीपर्यंत येऊन ठेपले. मांड्या बारीक झाल्या, उठताना हात थरथरू लागला, जेवण निम्म्यावर आले. न वापरलेला स्नायू झिजतो आणि वृद्धापकाळी तो फार भराभर झिजतो, हे मी दवाखान्यात दिवसातून चार जणांना ऐकवतो. स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र ती पुन्हा पडेल या भीतीने मी तिला बसवून ठेवले. त्या बसण्यानेच तिची पुन्हा पडण्याची शक्यता वाढत होती.

प्रवासाची ठिणगी पडली ती माझ्या मुलीमुळे. ती मुंबईत शिकते. तिची एक वर्गमैत्रीण पुढच्या शिक्षणासाठी इटलीला गेली आहे. तिने एका रविवारी आगगाडीने जाऊन समुद्रकाठची पाच गावे एका दिवसात पाहिली आणि त्यांची छायाचित्रे पाठवली. ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणतात त्या गावांना. कड्यांना चिकटलेली रंगीत घरे आणि खाली निळे पाणी. डोंगराच्या पोटातून गेलेला लोहमार्ग एका बोगद्यातून बाहेर पडतो, गाव दाखवतो आणि दुसऱ्या बोगद्यात शिरतो. जेनोआ ते ला स्पेझिया हा मार्ग १८७४ साली पुरा झाला, त्यापूर्वी या गावांना जायला होडी किंवा पायवाट एवढेच साधन होते. १९९७ पासून हा सारा प्रदेश जागतिक वारशात आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा आजीच्या पलंगावर बसून तिने एकेक चित्र दाखवले.

आईने घरांकडे फारसे पाहिले नाही. तिचे लक्ष डोंगरउतारावरच्या दगडी ताली आणि त्यांवरच्या द्राक्षांच्या बागा यांवर गेले. “ह्या ताली कुणी रचल्यात? चुना दिसत नाही.” खरोखरच त्या बिनचुन्याच्या आहेत, शेकडो वर्षे हातांनी रचलेल्या. मुलीने सांगितले की तरुण माणसे शहरांत गेली, ताली पडू लागल्या आणि २०११ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी होऊन वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या दोन गावांत चिखलाचा लोंढा शिरला. आई थोडा वेळ गप्प राहिली. आमच्याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. ते तिच्या डोळ्यांपुढे आले असावे. मग तिने विचारले, “आन् म्हाताऱ्या मान्सांचं काय? येवढे जिने?” मुलगी म्हणाली, त्यांतल्या कॉर्निल्या नावाच्या गावाला स्टेशनापासून वर जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. आणि लिगुरिया नावाच्या त्या प्रांतात वृद्धांचे प्रमाण साऱ्या इटलीत सर्वांत अधिक.

“मंग त्या चढतात?”

“काही चढतात आजी. काही बसने जातात.”

“आपल्याकडं न्हाई का अशी गाडी? समुद्राच्या कडंनी?”

मी उत्तर द्यायच्या आत मुलगी म्हणाली, “आहे की. विरारच्या पुढे.”

आईने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात वडिलांचे वाक्य होते. मी नेहमीप्रमाणे ‘नाही’ म्हटले, आणि पुढचे दोन महिने घरात कोणी मला सुखाने जेवू दिले नाही.

अखेर माघ शुद्ध षष्ठीचा, म्हणजे रथसप्तमीच्या आदला दिवस ठरला. थंडी ओसरत आलेली असते, ऊन अजून कडक झालेले नसते; वृद्धांच्या प्रवासाला माघ-फाल्गुनासारखा काळ नाही. आदल्या दिवशी मोटारीने माळशेजमार्गे विरारला माझ्या बहिणीकडे मुक्कामाला गेलो. वाटेत दर तासा-दीड तासाने थांबून आईला शंभर पावले चालवली. पाय खाली सोडून तासन् तास बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्त साकळू शकते आणि खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी याबाबत विशेष जपावे. एका दिवसात अवसरी ते समुद्र आणि परत असा बेत आपण कृपा करून आखू नये. एक रात्र मधे काढली की तोच प्रवास निम्म्याने हलका होतो.

माझी तयारी एखाद्या शस्त्रक्रियेसारखी होती. रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र, औषधांची यादी दोन प्रतींत, एक आईच्या पिशवीत आणि एक मुलीजवळ. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नाही. मधुमेहाच्या गोळीमुळे जेवणाला उशीर झाला तर साखर उतरू शकते, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या आणि डब्यात पोळी-भाजी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना वाळूवरची तिरीप सोसत नाही, त्यासाठी गडद चष्मा आणि टोपी. टोपी तिने नाकारली. पदर पुरे म्हणाली. एवढे सगळे लिहून काढताना दोन गोष्टी मात्र माझ्याकडून निसटल्या. त्या पुढे येतीलच.

विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी या टापूला लांब पल्ल्याच्या गाड्या आणि पॅसेंजर यांवर अवलंबून राहावे लागे. अंतर सुमारे चौसष्ट किलोमीटर, वेळ साधारण दीड तास. आम्ही सकाळची कामावर जाणाऱ्यांची गर्दी जाऊ दिली आणि नंतरची गाडी धरली. फलाटावर लिफ्टने गेलो. सरकता जिना वृद्धांनी टाळावा. पाय ठेवण्याच्या आणि काढण्याच्या क्षणी तोल जातो. फलाट आणि डबा यांतले अंतर व उंची हाच लोकलच्या प्रवासातला अवघड घास आहे. आम्ही घरच्या पायरीवर आठ दिवस सराव केला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर. मुलगी वर, मी खाली. आईने दांडा धरला, क्षणभर थांबली आणि चढली. मागच्या एका तरुणाने हात पुढे केला होता. मी त्याला खुणेने थांबवले. कोणी एकदम ओढले की वृद्ध माणूस तोल गमावतो. मदत करायची तर आपला हात त्यांना धरू द्यावा, आपण त्यांचा धरू नये.

खिडकीशी बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. तिने डब्यातल्या लोखंडी जाळीच्या फळ्यांकडे पाहिले, दाराजवळच्या मोकळ्या जागेकडे पाहिले. “हितं ठेवायचे का पाटी?” तिने विचारले. मी म्हटले, “नाही गं, त्यांची पाटी सामानाच्या डब्यात असायची.” तरी ती त्या दाराकडे पाहत राहिली.

विरार सोडले की मुंबई मागे पडते. वैतरणा आली. स्टेशनानंतर खाडीवरचे दोन लांब पूल लागतात आणि त्यांच्या मधे एक बेट आहे. त्या बेटावर वाढीव नावाचे गाव आहे. तिथल्या माणसांना वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत यावे-जावे लागले आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आन् बाळंतीन आसल तर?” एवढ्या एका प्रश्नात गावाचे सगळे आरोग्य येते. माझ्या सव्वीस वर्षांच्या वैद्यकीत मी गाव ओळखायला याहून चांगला प्रश्न ऐकलेला नाही.

सफाळे, केळवे रोड, पालघर. केळव्याचा समुद्र, शीतलादेवीचे देऊळ आणि पानवेलीच्या बागा स्टेशनापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर आहेत. ज्यांना लांबचा पल्ला झेपत नाही त्यांनी केळव्यापर्यंतच यावे, काही उणे वाटणार नाही. पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ते सांगितल्यावर आईने लगेच आमच्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचे नाव घेतले. परदेशी कापडाच्या ट्रकखाली १९३० साली गेलेला हा गिरणी कामगार आम्हा आंबेगावकरांच्या बोलण्यात कुठूनही येतो. त्याच्या नावाच्या डिंभे धरणाचे पाणी आमच्या शेतांना मिळते. पुढे बोईसर, वाणगाव, आणि मग डहाणू रोड. बोईसरला बरेचसे प्रवासी उतरले आणि डबा मोकळा झाला.

डहाणू रोडला उतरून आम्ही दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. येथून उत्तरेकडे समुद्राला लागून रस्ता जातो आणि त्यावर डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे एकापुढे एक येतात. मुलीने बोटे मोजली. “बघ आजी, पाचच झाली.” इटलीतली ती पाच गावे उभ्या कड्यावर आहेत, आपली पाच सपाट आहेत. इथे समुद्र आणि रस्ता यांच्यामध्ये केवळ सुरूच्या झाडांची रांग. गुडघे दुखणाऱ्यांच्या दृष्टीने विचाराल तर मी आपलीच पाच पसंत करीन. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून अधिसूचित झाला, त्यामुळे कारखान्यांना आळा बसला आणि ही वाडी-वस्ती, ही हवा बरीचशी टिकली. हाच तालुका वारली चित्रांचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रे झोपडीच्या भिंतीवरून जगभर नेली. रस्त्यालगतच्या एका कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेला तारपानाच आईने पाहिला आणि “ह्ये आमच्या भीमाशंकराकडल्या ठाकरांच्या घरांवानी” असे काहीसे म्हणाली.

घोलवडला चिकूच्या बागा सुरू होतात. येथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्द, काळपट हिरवी झाडे, खाली दाट सावली. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधून फळे उतरवली जात होती. आईला ते पाहायचे होते. रिक्षा थांबली आणि मी भाडोत्र्याशी बोलत असताना ती स्वतःच उतरली, झटकन, जणू अंगात बळ आले होते. दोन पावले गेली, थांबली, तिचा चेहरा पांढरा झाला आणि ती एका बाजूला कलू लागली. मुलीने तिला कवेत धरले म्हणून ती पडली नाही.

बागेत एक बाज होती. तिच्यावर निजवले, पाय उशाने उंच केले. शुद्ध हरपली नव्हती. छातीत दुखत नव्हते, बोलणे स्पष्ट होते, दोन्ही हातांत सारखे बळ होते. साखर ११२. रक्तदाब मात्र ९६ वर ६०, नाडी भरभर, जीभ कोरडी.

“आई, सकाळपासून पाणी किती प्यालीस?”

ती गप्प.

मुलीने पुन्हा विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, “चहाचा आर्धा कप. गाडीत मोरी नसती ना. तुमची पंचाईत नको.”

वाचकहो, उपनगरी लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते हे मला ठाऊक होते. वडिलांच्या तोंडून ऐकून आईलाही ठाऊक होते. मी यंत्रे घेतली, पुड्या घेतल्या, औषधांच्या याद्या केल्या. पण लघवीला कुठे जायचे हे मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे, आणि ती गोळी सकाळी सहाला मीच तिच्या हातावर ठेवली होती. कोरडे पडलेले शरीर, त्यात ती गोळी, त्यात एकदम उभे राहणे. अशा वेळी रक्त पायांकडे ओसरते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात मी याचे निदान अर्ध्या मिनिटात करतो. बहुतेक वृद्ध स्त्रिया प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत आणि का पीत नाहीत ते मुलाला सांगत नाहीत. सून विचारील, नात विचारील. मुलगा, तोही डॉक्टर, विचारीत नाही.

आपण वृद्धांना कुठे नेणार असाल तर प्रेक्षणीय स्थळांच्या आधी स्वच्छतागृहांची यादी करा आणि ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. निघण्याआधी घरी, फलाटावर, उतरल्यावर स्टेशनात, जेवणाच्या ठिकाणी. ‘तिथे सोय आहे’ हे ऐकले की त्या पाणी पितात. खाली बसता येत नसेल तर घडीची कमोड-खुर्ची मिळते, तीही न लाजता बरोबर घ्यावी. आणि लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण हृदयाच्या काही रुग्णांत ती चुकल्यास दम लागतो.

बागेच्या मालकीणबाईंनी पाणी आणले, मग लिंबू-मीठ-साखर घातलेले पाणी आणले. घोट-घोट करून तासाभरात दोन पेले पोटात गेले. त्यांनीच आईला घरातल्या कमोडपर्यंत नेले. शहाळेही पुढे केले. आईचे मूत्रपिंड चांगले आहे म्हणून मी ते घेऊ दिले. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे किंवा रक्तात पोटॅशियम वाढवणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी शहाळ्याचे पाणी विचारूनच प्यावे. आईच्या हातावर एक पिकलेला चिकू ठेवला. मधुमेह्याला चिकू वर्ज्यच असतो असे आपण मानतो. फळ गोड आहे हे खरेच, पण जेवणातली अर्धी पोळी कमी करून एक लहान चिकू खाल्ला तर आकाश कोसळत नाही. रस आणि चिकू-शेक मात्र नको.

मी परत फिरायचे ठरवले होते. डहाणूपर्यंत रिक्षा, मग गाडी, संध्याकाळी विरार. मी तसे म्हणालो. आई बाजेवर उठून बसली होती. ती म्हणाली, “हितवर आनलंस, आन् आता माघारी?” मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

छातीत दुखले असते, दम लागला असता, जीभ जड झाली असती, एका अंगाचे बळ गेले असते, शुद्ध हरपली असती किंवा पडून मार लागला असता, तर मी कोणाचे ऐकले नसते. १०८ ला दूरध्वनी करून जवळच्या रुग्णालयात नेले असते. यांतले काहीच नव्हते. बसून रक्तदाब ११८ वर ७०. उभे करून तीन मिनिटांनी पाहिला, ११० वर ६८, चक्कर नाही. नाडी शांत. आता ‘नाही’ म्हणायला माझ्याजवळ वैद्यकीय कारण उरले नव्हते. उरली होती ती माझी भीती. मी रिक्षावाल्याला बोर्डीला चल म्हटले. हा निर्णय बरोबर होता असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

बोर्डीला पोचलो आणि दुसरी चूक समोर आली. समुद्रच नव्हता. म्हणजे होता, पण दूर, क्षितिजाशी एक चकचकीत रेघ होऊन. बोर्डीचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी लांबवर मागे जाते. मी भरती-ओहोटीची वेळ पाहिली नव्हती. घाटावरच्या माणसाला समुद्र म्हणजे विहिरीसारखा, कधीही जा, जागेवर असणार.

सुरूच्या सावलीत सुकी मासळी निवडत मांगेला समाजातल्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. माझी चिंता त्यांनी ओळखली. आज तिथी कोणती, असे त्यांनी मला विचारले. मी भ्रमणध्वनी काढला, आई मागून म्हणाली, “सठ. उद्या रथसप्तमी.” तेव्हा त्या बाईंनी आईला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. षष्ठी, म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. त्याच्या सहा तास आधी ओहोटी पुरी. अष्टमी जवळ आली की भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. आईने आयुष्यभर तिथीवर उपास केले, तिथीवर पेरणी केली. आता तिथीवर समुद्र चालतो हे तिला पहिल्यांदाच कळत होते. तिने लगेच पडताळा घेतला. “मंग एकादशीला सव्वाआठ?” बाई हसल्या. त्या दोघी मग शेजारी शेजारी बसल्या आणि मला कोणी काही विचारले नाही.

पाणी येईपर्यंत दोन-अडीच तास होते. जेवलो. आई सतरंजीवर आडवी झाली. जागी झाली तेव्हा मुलीने तिला बोर्डीचे महत्त्व सांगितले. १९४५ साली ताराबाई मोडक येथे आल्या आणि अनुताई वाघांना घेऊन त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आईने गावच्या अंगणवाडीत काही वर्षे मदतनीस म्हणून खिचडी शिजवली आहे. मानधन कधी वेळेवर मिळाले नाही, ही तिची तक्रार आहे. “ह्या बायांना म्हाईत होतं का, आमची खिचडी?” तिने विचारले. खिचडी पुढची, पण सुरुवात इथली, असे मुलगी म्हणाली. आईने आजूबाजूला नीट पाहून घेतले.

तीन वाजता पाणी चालण्याच्या टप्प्यात आले. आता माझ्यातला डॉक्टर पुन्हा उठला. मधुमेहाने तळपायाची जाणीव बोथट होते. शिंपला रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. मी स्वतः रुग्णांना सांगतो, घरातसुद्धा अनवाणी चालू नका. आई म्हणाली, “पान्यात चप्पल घालून जायचं?” शेवटी तडजोड केली. मागे पट्टा असलेली चप्पल पाण्याच्या कडेपर्यंत पायात. तिथे आम्ही दोघांनी वाळू चाचपून शिंपले बाजूला केले, प्लास्टिकची खुर्ची रोवली, तिला बसवले आणि मग चप्पल काढली. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा घट्ट असते, काठी रुतत नाही, म्हणून वृद्धांना चालवायचे तर ओल्या वाळूवरूनच चालवावे. पहिली लाट तिच्या घोट्यापर्यंत आली आणि परत गेली. खालून वाळू सरकली तशी तिने माझा दंड घट्ट धरला.

“गार न्हाई,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “ह्ये लाइन दाखवतो म्हनाले व्हते.”

वीस मिनिटांनी मी पाय गोड्या पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसले आणि तळवे उजेडात नीट पाहिले. एक ओरखडाही नव्हता. आईचे पाय मी इतक्या निवांतपणे यापूर्वी केव्हा पाहिले होते ते आठवेना. परतीला डहाणू रोड स्टेशनात तिने आपणहून विचारले, इथे सोय कुठे आहे, आणि जाऊन आली. मग अर्धी बाटली पाणी प्याली. गाडीत मुलीच्या खांद्यावर डोके टेकून विरारपर्यंत झोपली.

घरी आल्यावर दोन दिवस गुडघे दुखले, शेक दिला. तिसऱ्या दिवशी ती ओट्याखाली उतरली. मी दवाखान्यातून पाहत होतो. उठून जावेसे वाटले, गेलो नाही. आता सकाळी ती काठी घेऊन देवळापर्यंत जाते, बरोबर शेजारची मुलगी असते. मधे एकदा चिखलात काठी घसरली, पण सावरली. काठीच्या टोकाचे रबर झिजले होते, ते बदलले.

परवा दवाखान्यात गर्दी असताना तिने दारातूनच हाक मारली. मला वाटले, काही दुखतेखुपते आहे. ती म्हणाली, “आज दशमी. साडेसातला भरली आसंल.”